ओठांचा नवस

भाज्यांचा गंबो, म्हणजे नाना पाल्यांचं दाट कालवण, करायचा तर सेलानी तोंडानं दुसरं काही बोलत नसे. पाला निवडायचा, धुवायचा, चिरायचा, आणि पाल्यागणिक एकेक 'नमो मारिया' प्रार्थना म्हणायची, हा तिच्या आईचा शिरस्ता. पालक झाला, मुळ्याचा पाला झाला, कोबीची बाहेरची पानं झाली. मोहरीचा पाला हातात घेतला आणि मागच्या दारानं नणंद आत आली.

"वहिनी, ते हातातलं ठेव आणि मी काय सांगते ते ऐक."

सेलानीनं मान हलवली. मोहरीची 'नमो मारिया' अजून अर्धी होती.

अझेलीनं डोक्यावरची हॅट काढून पिठाच्या डब्यावर ठेवली, खुर्ची ओढली, बसली, पुन्हा उठली. बाई अंगानं भरलेली, शिवणकामावर घर चालवणारी, नवरा जाऊन नऊ वर्षं झालेली. वाट बघणं हा तिचा गुण नव्हता. "देवाला म्हणावं जरा थांब. बातमीच तशी आहे."

"आमेन," सेलानी म्हणाली आणि पाला पातेल्यात सोडला. "बोला वन्सं."

"मिस्टर ग्रँडिसन चार वाजता येतोय. इथं. तुझ्या घरी. आपल्या पोरांना ऐकायला!"

सेलानीचा हात पातेल्यावरच राहिला. वाफ लागली तसा तिनं तो मागे घेतला.

मिस्टर ग्रँडिसन कोण हे शहराच्या सातव्या वॉर्डात कुणाला सांगावं लागत नसे. दर वसंतात सेंट लुईसला जाणाऱ्या सहलीच्या आगबोटीचा बँड तो बांधायचा. त्याच्या बोटीवर बसलेला पोरगा एक तर नवा सूट घालून परत यायचा, नाहीतर शिकागोहून त्याचा फोटो तरी यायचा. आरिस्तीद आणि युलीस, म्हणजे सेलानीचा मुलगा आणि अझेलीचा, ही आतेमामे भावांची जोडी दोन वर्षं सरोवराकाठच्या मासेजेवणांत, अंगणातल्या नाचांत, कुणाच्या बारशाला असं मिळेल तिथं वाजवत होती. आरिस्तीदचं कॉर्नेट, म्हणजे आखूड पितळी कर्णा, आणि युलीसचं क्लॅरिनेट. लोक बोलवायचे ते दोघांना मिळूनच.

"युलीसनं त्याला मिस्सा सुटल्यावर चर्चच्या पायरीवरच गाठलं," अझेली सांगत होती. "तो म्हणाला, आज रात्री मला पलीकडच्या गावात जायचंय, उद्या सकाळी परतलो की माणसं पक्की करायचीत. आणि घ्यायचे तर दोघांना, एकटा नको, जमलेली जोडी हवी. युलीस म्हणाला, आज संत योसेफाचा दिवस, मामाकडे त्याच्या नावानं जेवणाची वेदी मांडलीय, तिथंच या जेवायला. शहाणं ग माझं पोर! आजच्या दिवशी वेदीवर आलेल्याला कुणी परत पाठवत नाही, आणि आजच्या दिवशी वाजवायलाही कुणी ना म्हणत नाही. अख्ख्या उपासकाळात एवढा एकच दिवस मोकळा—"

"आरिस्तीद नाही वाजवायचा," सेलानी म्हणाली.

ती हळूच बोलली होती. ती नेहमी हळूच बोलायची. त्यामुळे अझेलीला वाटलं, आपल्याला चुकीचं ऐकू आलं.

"आजारी आहे?"

"नाही."

"मग?"

"अख्खा उपासकाळ, राखेच्या बुधवारापासून ईस्टरपर्यंत, तो कॉर्नेट तोंडाला लावत नाही. तुम्हाला ठाऊक आहे वन्सं."

"ठाऊक आहे! सगळ्या वॉर्डाला ठाऊक आहे. पाद्री व्हायचा राहिलाय, म्हणतात लोक त्याला. पण आज योसेफाचा दिवस! आज तर बिशपसुद्धा पाय हलवतो टेबलाखाली!" अझेली वहिनीच्या तोंडाकडे बघत राहिली. तीस वर्षं ती या तोंडाकडे बघत आली होती. त्यावर काही लपत नसे. फक्त विचारावं लागे. "सेलानी. हे त्याचं नाही. हे तुझं काहीतरी आहे."

पुढच्या खोलीत कुणीतरी खुर्च्या सरकवत होतं. सेलानीनं जाऊन मधलं दार लोटलं. आणि मग, जवळच्या माणसापाशी बोलावं तसं, तिनं सांगितलं.

तीन हिवाळ्यांपूर्वी तिच्या नवऱ्याला, नुमाला, छातीचा ताप चढला होता. गिलाव्याचं काम करणाऱ्याच्या छातीत आधीच चुना बसलेला. डॉक्टरनं बॅग बंद करताना तिच्याकडे बघितलं नव्हतं, तेव्हाच ती समजली. शाल ओढून चर्चमध्ये गेली आणि संत योसेफाच्या पायाशी बसली. घरात सगळ्यात मोलाचं काय आहे याचा तिनं विचार केला. सोनं नव्हतं, जमीन नव्हती. होता तो मुलाच्या कॉर्नेटचा सूर. सतरा वर्षांचा पोरगा फुंकायला लागला की गल्लीतल्या बायका दोरीवरचे कपडे काढायच्या विसरायच्या. ती म्हणाली, याला ठेव. ठेवलास तर राखेच्या बुधवारापासून ईस्टरपर्यंत माझ्या मुलाचे ओठ कॉर्नेटला लागणार नाहीत, मी जिवंत आहे तोवर. हे तिनं फक्त मुलाला सांगितलं होतं.

"आणि हा आजचा दिवस?" अझेलीनं विचारलं.

"वगळायला विसरले."

"विसरलीस?"

"जिवाच्या घाईत होते, वन्सं. त्यांच्याच पायाशी बसून त्यांचाच दिवस विसरले. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं. पण तोवर ताप उतरला होता. दिलेला शब्द मग मागे जाऊन कसा दुरुस्त करणार?"

अझेलीनं कपाळाला हात लावला. एरवी नवसासायासांत ती वहिनीच्याही दोन पावलं पुढे असे; तिच्या घरी प्रत्येक खिळ्याला एक संत टांगलेला होता. पण आज तिचाही मुलगा टांगणीला लागला होता.

"अगं, नवस बोलायचा तर स्वतःच्या ओठांचा बोलायचास! कॉफी सोडायचीस. अनवाणी चालायचंस. दुसऱ्याचा श्वास गहाण टाकायचा तुला कुणी हक्क दिला? आणि आता त्याच्याबरोबर माझंही पोर बुडणार. भावाचा जीव वाचला, पायाला हात लावते मी योसेफाच्या. पण नुमाला तरी माहीत आहे का, की त्याच्यापायी—"

ती थांबली, कारण मधलं दार उघडं होतं आणि दारात नुमा उभा होता.

त्याच्या हातात चुन्याची कुंची होती. वेदीच्या तिन्ही पायऱ्या त्यानं स्वतः बांधल्या होत्या. कोपऱ्यावरच्या सिसिलीवाल्या दुकानदारणीनं तिच्या गावची रीत सेलानीला शिकवल्यापासून दरवर्षी तोच बांधायचा, आणि दरवर्षी शेवटचा हात मारायचं निमित्त काढून पाहुणे येईपर्यंत त्या पायऱ्यांभोवती घुटमळायचा.

"माझ्यापायी काय?" त्यानं विचारलं.

पातेल्यात गंबो रटरटत होता.

"मी ऐकलंय," नुमा म्हणाला. "तोंडानं सांगा, एवढंच म्हणतोय."

सेलानीनं सांगितलं. दोनच वाक्यांत. त्यानं कुंची खिडकीत ठेवली, नीट, भिंतीला रंग लागणार नाही अशी.

"म्हणजे तीन वर्षं मी पोराच्या तोंडचा घास खातोय."

"नुमा, तू शुद्धीवर नव्हतास. कुणाला विचारणार होते मी?"

"तेव्हा नव्हतो. त्यानंतर तीन वर्षं आहे." त्याला खोकला आला. तो दाबायला गेला, म्हणून जास्तच आला. सेलानीचा हात आपोआप त्याच्या पाठीकडे गेला. त्यानं तो हळूच बाजूला केला. चिडून नव्हे. चिडला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. "मला विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं, माझी चिलीम घे. देवाला तीही चालली असती. घाण असली तरी मला प्रिय होती."

तो मागच्या अंगणात निघून गेला. अझेलीनं पातेल्यावर झाकण ठेवलं. "मी बघते हे," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिचा आवाज वहिनीएवढा हळू झाला होता. "तू पोराशी बोल. रागावू नकोस हं त्याच्यावर."

"मी कुठे रागावते?"

"तेच तर. तू रागावत नाहीस, म्हणून तुझ्यापुढे कुणाला नाही म्हणता येत नाही."

पुढच्या खोलीत वेदी सजली होती. पांढरी चादर, मासळीच्या थाळ्या, तांदळाचे गोड वडे, अंजिराच्या वड्या, सुताराच्या करवतीच्या आकाराचा पाव. वर मधोमध योसेफाची मूर्ती, हातात लिलीची फुलं. आरिस्तीद खुर्च्या मांडत होता आणि युलीस त्याच्यामागून त्याच खुर्च्या पुन्हा सरळ करत होता.

"मी एकटा काय वाजवू?" युलीस म्हणत होता. "कॉर्नेटशिवाय क्लॅरिनेट म्हणजे खोलीतला डास. मिस्टर ग्रँडिसन टाळी वाजवेल ती मला मारायला."

"दुसरा कॉर्नेटवाला शोध."

"चार वाजेपर्यंत? तुला काय वाटतं, ते अंजिरासारखे झाडाला लागतात? बरं, एवढं तरी सांग, मी तुझं काय वाईट केलंय? तुझ्या बहिणीच्या लग्नात मी केक सांडला, त्याचं आहे का हे?"

आरिस्तीद हसला, पण ओठ मिटूनच. त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं कॉर्नेटच्या कळा दाबाव्यात तशी खुर्चीच्या पाठीवर हलत होती: पहिलं, पहिलं-तिसरं, मधलं. सेलानी दारात थांबून बघत राहिली. हे काही ती आज पहिल्यांदा बघत नव्हती. जेवणाच्या टेबलावर, मिस्सेत बाकाच्या पाठीवर, एकदा तर आजारी मावशीचा हात हातात घेतलेला असताना त्याच हातावर, ही बोटं उपासकाळभर चाललेली असायची. ती दरवेळी दुसरीकडे बघायची. आज तिनं नजर काढली नाही.

"युलीस, राजा, विहिरीवरून पाणी आणतोस?"

"मामी, नळ आहे घरात."

"मग नळावरून आण."

युलीस गेला. आरिस्तीदनं आईकडे बघितलं आणि तिला बोलायलाच लागू नये म्हणून आधीच म्हणाला, "आई, तू काळजी करू नकोस. मी त्याला सांगितलंय, मी वाजवणार नाही."

"तुला जायचंय का बोटीवर?"

"तो प्रश्न नाहीये."

"तोच प्रश्न आहे. जायचंय का?"

बोटं थांबली. त्यानं खुर्ची उचलली, पुन्हा होती तिथंच ठेवली. "जायचंय," तो म्हणाला. "इतकं की पोटात दुखतं. पण बाबा खोकले की जायचं नसतं."

"बाळा—"

"तुला एक सांगू? रागावणार नाहीस? गेल्या उपासकाळात एकदा मी कॉर्नेट बाहेर काढलं होतं. नुसतं ओठांना लावलं. फुंकलं नाही, आई, शपथ. गार लागतं का ते बघत होतो. आणि त्याच आठवड्यात बाबा परांचीवरून पडले."

"घसरले होते ते. पाऊस पडून फळी ओली झालेली. पाय मुरगळला नुसता."

"मला माहितीये. पण मी महिनाभर झोपलो नाही." तो पावाकडे बघत होता. "आत्ताही मी पेटीला हात लावत नाही. धूळ पुसायलाही नाही."

सेलानी खुर्चीवर बसली. तिला वाटलं होतं, मुलगा आपल्या श्रद्धेत सामील आहे. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, काय भाग्य तुमचं, असा देवभोळा मुलगा. तिलाही ते खरं वाटायचं, आणि गोडही लागायचं. त्याच्या हातात जपमाळ दिली असं म्हणत म्हणत तिनं त्याच्या गळ्यात वडिलांचा जीवच बांधून दिला होता. आणि तो एवढी वर्षं ते ओझं उचलून, पाय न वाजवता, घरभर फिरत होता.

ती उठली आणि वेदीसमोर जाऊन उभी राहिली. गुडघे टेकायला तिनं वेळ घेतला नाही.

"महाराज," ती योसेफाला म्हणाली, रोज बोलायची तशीच, "तुमचा दिवस वगळायची मी विसरले होते. चूक माझी. आजचा दिवस मोकळा धरा. याचं काही याच्यावर नको, आणि त्याच्या बापावर तर नकोच नको. काय असेल ते माझ्याकडे मागा." मग मुलाकडे वळून: "जा. पेटी काढ."

"आई, खरंच?"

"धूळ पुस आधी. पाहुण्यांसमोर शोभेल असं पुस."

*

मिस्टर ग्रँडिसन चारच्या आधीच आला. माणूस उंच, वाळका, आणि पोटाचा कायमचा रोगी निघाला. वेदीच्या रीतीप्रमाणे आधी जेवण, मग बोलणं. तेव्हा अझेलीनं वाढलेला मासा, वडे, वड्या सगळं बाजूला सारून तो गंबोतला भात तेवढा वेचून खात राहिला, आणि सगळं घर त्याच्या चमच्याकडे बघत बसलं. पुढच्या खोलीत शेजारपाजारचे आणखी काही जण जेवत होते. नुमा मागच्या अंगणातून हातपाय धुऊन, कोट घालून आला होता आणि सेलानीपासून दोन खुर्च्या सोडून बसला होता.

"गंबोत मांस नाही," मिस्टर ग्रँडिसन म्हणाला.

"उपासकाळ आहे," अझेली म्हणाली. तिच्या मनात होतं, एवढंही कळत नाही का मेल्याला.

"बरं झालं. मांस मला सोसत नाही." त्यानं चमचा ठेवला, खिशातून घडी केलेला कागद काढला आणि पोरांसमोर धरला. "हे बघा. वाचा, मग वाजवा. बोटीवर सगळं कागदावरचंच असतं. गोऱ्यांना नाचायचं असतं, आणि कॅप्टनला घड्याळ लावून ऐकायचं असतं. कागद सोडून जायचं असेल तर जा, पण परत यायची वाट ठाऊक असू द्या."

आरिस्तीदनं मुखनळी बसवली. ओठांना जीभ लावली. सेलानीनं एप्रनखालची माळ घट्ट धरली.

पहिला सूर जुनं फडकं टराटरा फाटावं तसा निघाला.

एक बाई खाता खाता थांबली. युलीस घाईघाईनं पुढे सरसावला आणि भावाची लाज झाकायला दुप्पट सूर ओतू लागला. दुसऱ्या ओळीत आरिस्तीद वर चढायला गेला. ओठ थरथरले, सूर निसटला. तिसऱ्यांदा त्यानं वर जायचा नादच सोडला. खालीच, जिथं त्याचे ओठ पोचत होते तिथं, तो बसून राहिला. दोन सूर, मग गप्प, मग एक. आधी युलीसला कळलं नाही. मग कळलं. त्यानं सूर आवरते घेतले आणि भावाशेजारी उतरून आला, जसा कुणी लंगडणाऱ्याबरोबर चालताना आपलं पाऊल लहान करतो. कागद संपला तेव्हा आरिस्तीदच्या वरच्या ओठावर लाल वळ उठला होता.

मिस्टर ग्रँडिसन वाडग्याकडे बघत होता.

"क्लॅरिनेट तयार आहे," तो म्हणाला. "बडबड फार करतं, पण ऐकतंही. कॉर्नेट... ओठ लोण्यासारखे झालेत तुझे. कधीपासून बंद होतं?"

"राखेच्या बुधवारापासून."

"का?"

आरिस्तीद मुखनळी पुसू लागला. सेलानीनं तोंड उघडलं, पण तिच्याआधी नुमा बोलला.

"माझ्यासाठी," तो म्हणाला. "माझ्या पोरानं माझ्यासाठी बंद ठेवलं होतं. चूक कुणाची नाही. पण शिक्षा द्यायची असेल तर ती याला देऊ नका."

"मी शिक्षा देत नसतो. मी पगार देतो." मिस्टर ग्रँडिसननं पोटावर हात फिरवला. "वाचलंस बरोबर. आणि जिथं पोचत नव्हतास तिथं ओरडून पोचल्यासारखं दाखवलं नाहीस; गप्प बसलास. गप्प बसणारा कॉर्नेटवाला मला आजवर भेटला नव्हता. पण नुसता गप्प बसलेला माणूस बोटीवर काय कामाचा? तेव्हा असं आहे. उद्यापासून धक्क्यावर सराव. रोज सकाळी दहाला. गुड फ्रायडे सोडून रोज. ईस्टरपर्यंत ओठ बनले तर तुम्ही दोघं. नाही बनले तर मी दुसरी जोडी बघेन, मग क्लॅरिनेटही त्या जोडीतलंच." तो उठला. "येणार असाल तर आत्ता सांगा. मला आगगाडी गाठायचीय."

त्यानं कागदाची घडी करून ती खिशात ठेवली.

सेलानीनं एक दिवस दिला होता. एक दिवस ही विसरलेली गोष्ट होती. ती दुरुस्त करता येत होती, योसेफालाही समजावून सांगता येत होती. पण हा माणूस उरलेला सगळा उपासकाळ मागत होता. हे विसरणं नव्हतं. दिलेला शब्द जाणूनबुजून, दिवसाढवळ्या, वेदीसमोर उभं राहून परत घेणं होतं. दोन खुर्च्या पलीकडे नुमाचा श्वास तिला ऐकू येत होता, त्याच्या तळाशी किणकिणणारा तो बारीक आवाज. तीन वर्षं ती तो आवाज ऐकत झोपत होती.

अझेलीनं तोंड उघडलं आणि मिटलं. अझेलीच्या बाबतीत अशी गोष्ट पूर्वी कधी घडली नव्हती.

आरिस्तीद जमिनीकडे बघत होता. सेलानीच्या ध्यानात आलं की तो आपल्याकडे मुद्दामच बघत नाहीये. चेहरा दिसला तर आईवर भार पडेल, म्हणून. बोटंही त्यानं मुठीत मिटून घेतली होती. इतकं गप्प राहायला या पोराला आपणच शिकवलं.

"सेलानी," नुमा म्हणाला. एवढंच. सकाळी त्यानं बाजूला केलेला तिचा हात आता त्यानं, दोन खुर्च्यांवरून वाकून, आपणहून घेतला.

"दहाला म्हणालात?" सेलानीनं मिस्टर ग्रँडिसनला विचारलं.

"दहाला."

"सातची मिस्सा आटोपून पोचेल. डबा देऊ, की तिथं काही मिळतं?"

"डबा द्या," मिस्टर ग्रँडिसन म्हणाला, आणि दारात थांबून वळला. "आणि बाई, डब्यात या गंबोतला भात जरा जास्त घाला. जेवायला मीही असेन तिथं."

मग जे व्हायचं ते झालं. अझेली आधी रडली, मग लेकाच्या पाठीत धपाटा घातला, मग भाच्याच्या, मग वहिनीला छातीशी असं धरलं की एप्रनची नाडी तुटली. "मी तुला काय काय बोलले सकाळी," ती म्हणत होती. "सगळं खरं होतं, पण बोलायला नको होतं." युलीसनं आनंदाच्या भरात करवतीच्या आकाराचा पाव अर्धा मोडून खाल्ला, आणि तो आशीर्वादाआधी मोडायचा नसतो हे त्याला तिघींनी एकदम सांगितलं.

पाहुणे पांगले. उन्हं कलली. अझेली उरलेली मासळी गल्लीत वाटायला गेली. सेलानी वेदीपाशी बसली आणि आता नीट गुडघे टेकून बसली. उद्या फादरांपाशी जाऊन सगळं सांगायचं होतंच. ते काय प्रायश्चित्त देतील ते ती करणार होती. पण त्याच्याआधी इथं बोलणं भाग होतं. शब्द परत घेतला, तर त्याच्या जागी दुसरं काही ठेवायला नको का? तिनं सुरुवात केली, "याला ठेव, म्हणजे मी—"

'मी' नंतर काय, ते तिला सुचेना. कॉफी आली मनात. अनवाणी चालणं आलं. चर्चच्या गायकवृंदातली आपली जागा आली. ती एकेक वस्तू उचलून बघत होती आणि खाली ठेवत होती, बाजारातल्यासारखी. तिला अचानक फार दमल्यासारखं झालं. आयुष्यात तिनं देवापाशी रिकाम्या हातानं काही मागितलं नव्हतं. तसं मागायचं असतं, हेच तिला ठाऊक नव्हतं.

मागच्या अंगणात आरिस्तीदनं फुंकायला सुरुवात केली. गाणं नव्हे, ओठ बनवायचे तर एकच सूर धरून ठेवायचा, दम संपेपर्यंत. सूर निघाला, हलला, फाटला. पुन्हा निघाला. शेजारचं कुत्रं ओरडलं.

नुमा आला आणि तिच्याशेजारी वेदीच्या सगळ्यात खालच्या पायरीवर बसला, स्वतःच बांधलेल्या.

"किती वाईट वाजवतोय गं हा," तो म्हणाला.

"वाजवू दे."

"वाजवू दे, मी कुठे नको म्हणतोय. पण ईस्टरपर्यंत हे ऐकायचं म्हणजे मला जगावं लागेल, आणि तेही सगळं ऐकू येत असताना."

ती हसली. हसता हसता तिचे डोळे भरले, आणि त्याला खोकला आला. तिचा हात त्याच्या पाठीवर गेला. या वेळी त्यानं तो तिथंच राहू दिला.

अंगणात पुन्हा तोच सूर सुरू झाला. सेलानीनं वर योसेफाकडे बघितलं.

"सांभाळ," ती म्हणाली. आणि पुढे काही न जोडता आमेन म्हणून उठली, डब्यासाठी तांदूळ निवडायला.